डोंगर वेगळे केले, तरी मनगट मोडेलच

रविवारी सकाळी मोबाइलवर एका एक्स-रेचा फोटो आला. उजव्या मनगटाजवळ रेडियस हाडाचे टोक मोडून मागे सरकलेले. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पावसाळ्यात हे चित्र रोज दिसते. ओल्या फरशीवरून घसरलेल्या आजी, दुचाकीवरून पडलेला तरुण, जिन्यात पाय अडकलेली गृहिणी. हा एक्स-रे मात्र अमेरिकेतून आला होता. माझा भाचा युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत नोकरी करतो. पाठोपाठ त्याचा फोन आला. ‘मामा, स्नोबोर्डवरून पडलो.’

प्लास्टर, औषधे, सूज असे बोलून झाल्यावर लक्षात आले, की त्याला वेदनेपेक्षा राग जास्त आला आहे. त्याची बायको स्की शिकली आहे आणि तो स्नोबोर्ड. त्यांच्या घरापासून गाडीने फार लांब नसलेली आल्टा आणि डीअर व्हॅली ही दोन नावाजलेली रिसॉर्ट स्नोबोर्डवाल्यांना उतारावर येऊच देत नाहीत. त्यामुळे नवरा-बायकोला तिथे एकत्र जाता येत नाही. बंदीचे समर्थन करताना सुरक्षिततेचे कारण हमखास पुढे येते. त्याच्या मित्रमंडळींचे उत्तर असे, की मग आम्हालाही फक्त स्नोबोर्डवाल्यांचा डोंगर द्या. ‘मामा, तू डॉक्टर आहेस म्हणून विचारतो. वेगळे डोंगर केले तर अपघात कमी होतील ना?’

मी त्याला एकच प्रश्न विचारला. ‘तुला कोणी धडकलं का?’

‘नाही. मी एकटाच होतो. मागे पडलो आणि हात टेकला.’

त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वाक्यातच होते.

दोन पट्ट्या आणि एक फळी

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडी ओळख. स्कीमध्ये प्रत्येक पायाला एक लांब, अरुंद पट्टी बांधलेली असते, हातात दोन काठ्या असतात आणि तोंड उताराच्या दिशेला असते. स्नोबोर्डमध्ये एकच रुंद फळी असते. दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले, हात मोकळे, आणि शरीर कडेने पुढे जाते.

स्की फार जुनी. स्नोबोर्डचा जन्म अलीकडचा. १९६५ मध्ये मिशिगन राज्यातील शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडून दिल्या आणि ‘स्नर्फर’ तयार झाला. १९७७ मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हर्मॉन्टमध्ये फळ्या बनवायला सुरुवात केली. त्या काळी बहुतेक रिसॉर्टनी या पोरांना दारातच अडवले होते. पुढे एकेक दार उघडत गेले. १९९८ मध्ये जपानमधील नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डला स्थान मिळाले. कोलोरॅडोतील अ‍ॅस्पेन माउंटनने २००१ मध्ये बंदी उठवली, न्यू मेक्सिकोतील ताओसने २००८ मध्ये. अमेरिकेत बंदी टिकवून असलेली तीन नावे उरली: युटातील आल्टा व डीअर व्हॅली आणि व्हर्मॉन्टमधील मॅड रिव्हर ग्लेन.

आल्टाचा वाद न्यायालयातही गेला. हे रिसॉर्ट १९३९ पासून चालू आहे आणि त्याचा मोठा भाग सरकारी वनजमिनीवर आहे. सरकारी जमिनीवर एका गटाला बंदी म्हणजे समान वागणुकीच्या घटनात्मक हक्काचा भंग, असे म्हणत काही स्नोबोर्डवाल्यांनी २०१४ मध्ये दावा लावला. तो फेटाळला गेला आणि २०१६ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की हा खासगी रिसॉर्टचा निर्णय आहे, सरकारचा नाही. स्नोबोर्डवाले खरोखर जास्त धोकादायक आहेत का, याचा निवाडा त्या न्यायालयाने केला नाही. तो वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्यापैकी उपलब्ध आहे.

एकाच दरीतला अभ्यास

योगायोग असा, की बंदी असलेल्या मॅड रिव्हर ग्लेनच्या शेजारी, त्याच दरीत, शुगरबुश नावाचे रिसॉर्ट आहे. तिथे १९७२ पासून कित्येक दशके बर्फावरच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. डॉक्टर रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली या तिघांनी हे काम चालवले. या अभ्यासाचे मोठेपण असे, की त्यांनी फक्त जखमी झालेल्यांना मोजले नाही. न पडता घरी गेलेल्यांनाही गाठून त्यांचे वय, अनुभव आणि साहित्य तपासले.

हे महत्त्वाचे का? आम्ही डॉक्टर रुग्णालयात बसून फक्त अंश पाहतो, छेद पाहत नाही. दिवसभरात दहा मनगटे आली म्हणजे खेळ धोकादायक, असे आम्हाला वाटते. पण त्या दिवशी किती हजार लोक सुखरूप घरी गेले, हे ओपीडीतून दिसत नाही. छेद माहीत नसेल तर अपूर्णांक मांडताच येत नाही.

या अभ्यासातील १९८८ ते २००६ या काळाचे आकडे बोलके आहेत. स्नोबोर्डवर सरासरी ३४५ दिवसांमागे एक दुखापत झाली, तर स्कीवर ४०० दिवसांमागे एक. म्हणजे स्नोबोर्डचा धोका थोडा जास्त, पण जमीन-अस्मानाचा फरक नाही. शिवाय जखमी स्नोबोर्डवाले न पडलेल्यांपेक्षा तरुण आणि कमी अनुभवी होते. फळीचा दोष किती आणि नवखेपणाचा किती, हे वेगळे करून पाहावे लागते.

खरा फरक संख्येत नाही, जागेत आहे. स्नोबोर्डच्या एकूण दुखापतींत मनगटाच्या दुखापती सुमारे २८ टक्के होत्या, स्कीमध्ये त्या ३ टक्क्यांच्या आसपास. गुडघ्याच्या आतील एसीएल या अस्थिबंधाचे नेमके उलटे. तो तुटण्याचे प्रमाण स्कीच्या दुखापतींत सुमारे १७ टक्के, तर स्नोबोर्डमध्ये २ टक्क्यांहूनही कमी.

कारण शरीरशास्त्राचे आहे. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, त्यामुळे एक गुडघा एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे पिळला जात नाही. पण तोल गेला की पाय हलवून सावरताही येत नाही. मग माणूस जे जन्मापासून करतो तेच करतो, पडताना हात पुढे करतो. सगळे वजन मनगटावर येते. स्कीमध्ये प्रत्येक पायाला लांब पट्टी असते. मागे बसल्यासारखे पडताना नितंब गुडघ्यांच्या खाली गेले, की पट्टीचे मागचे टोक बर्फात रुतून तरफेसारखे काम करते आणि गुडघा पिळून काढते. हातात काठी असल्याने अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध तुटण्याची दुखापत तर ‘स्कीवाल्याचा अंगठा’ म्हणूनच ओळखली जाते.

धडकेचे भय आणि पाठीमागची आंधळी बाजू

बंदीच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत गंभीर मुद्दा धडकेचा आहे. स्नोबोर्डवाला कडेने उभा असतो, म्हणून त्याच्या पाठीकडची बाजू त्याला दिसत नाही. हा मुद्दा खरा आहे. तो थट्टेवारी नेऊ नये. वरून येणाऱ्याची धडक जीवघेणी ठरू शकते, आणि लहान मुलाला घेऊन उतारावर गेलेल्या आईला ती भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, बर्फावरच्या बहुसंख्य दुखापती माणूस स्वतःच पडल्याने होतात. दुसऱ्याशी धडक होऊन झालेल्या दुखापती त्यामानाने फार थोड्या असतात, आणि स्कीवाले स्कीवाल्यांना धडकतातच. बर्फावरच्या मृत्यूंमागेही बऱ्याचदा वेग आणि कडेचे झाड असते. झाड काही स्नोबोर्डवर बसून येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या भाच्याच्या मित्रांसाठी. फक्त स्नोबोर्डवाल्यांचा डोंगर केला तर आंधळी बाजू नाहीशी होणार नाही, उलट दुप्पट होईल. काही जण डावा पाय पुढे ठेवतात. त्यांची छाती उजवीकडे आणि पाठ डावीकडे असते. काहींचा उजवा पाय पुढे असतो. त्यांचे सगळे उलटे. असे दोघे शेजारून उतरत असतील तर दोघांची पाठ एकमेकांकडे येऊ शकते आणि दोघांनाही दुसरा दिसत नाही. त्यात नवखे स्नोबोर्डवाले फळी बांधायला उताराच्या मधोमध बसतात. उंचवट्याच्या खाली बसलेला माणूस वरून दिसतच नाही. स्कीवाले हद्दपार केले म्हणून यातले काहीच बदलत नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागण्याचे दहा नियम आहेत. त्यांत स्की आणि स्नोबोर्ड असा भेद नाही. समोरच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. आपला वेग आपल्या कौशल्याला, गर्दीला आणि बर्फाला साजेसा ठेवायचा. थांबायचे तर अरुंद किंवा न दिसणाऱ्या जागी थांबायचे नाही. आपल्या घाटरस्त्यांनाही लागू पडावेत असे हे नियम आहेत. ट्रकवाल्यांचा घाट वेगळा आणि मोटारवाल्यांचा वेगळा केला, तरी वळणावर ओव्हरटेक करणारा तिथेही भेटेलच.

वेगळे करायचेच असेल तर वेगाने करावे. शिकाऊ लोकांचा उतार वेगळा आणि तिथे वेगावर कडक लक्ष. उड्या मारण्याच्या जागा वेगळ्या आणि कुंपण घातलेल्या. दोन उतार मिळतात तिथे वेग कमी करायला लावणारे पहारेकरी. धोका पायाखालच्या वस्तूत असतो त्यापेक्षा जास्त तो नवखेपणात, वेगात आणि गर्दीत असतो.

बंदीने नाही, कशाने फरक पडला?

गेल्या पन्नास वर्षांत बर्फावरच्या दुखापती कशाने कमी झाल्या, ते पाहिले की चित्र स्पष्ट होते.

पूर्वी स्कीवाल्यांची नडगी हमखास मोडायची, बुटाच्या वरच्या कडेपाशी. पडताना स्की पायापासून सुटत नसे. बूट आणि पट्टी जोडणारे ‘बाइंडिंग’ सुधारले, ठरावीक जोर आला की ते सुटू लागले आणि नडगीचे अस्थिभंग मोठ्या प्रमाणात घटले. गुडघा मात्र त्याने वाचला नाही, कारण मागे पडताना येणारा पीळ ओळखून बाइंडिंग सुटेलच असे नाही.

गुडघ्यासाठी शुगरबुशच्याच संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. गुडघा नेमका कसा तुटतो, याची चित्रे दाखवून त्यांनी काही रिसॉर्टमधील प्रशिक्षक आणि पहारेकऱ्यांना पडण्याचे धोकादायक टप्पे ओळखायला शिकवले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, शिकवलेल्या गटात गुडघ्याच्या गंभीर दुखापती सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्या. ना नवे यंत्र, ना शस्त्रक्रिया. फक्त समजावून सांगणे.

मनगटाचे उत्तर तर आणखी सोपे आहे. नॉर्वेत पाच हजारांहून अधिक स्नोबोर्डवाल्यांवर झालेल्या एका चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एकाला मनगटाचे संरक्षक पट्टे दिले, दुसऱ्याला नाही. २००१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पट्टे घातलेल्या गटात मनगटाच्या ८ दुखापती झाल्या, न घातलेल्या गटात २९. नॉर्वेतच झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, हेल्मेट घालणाऱ्यांना डोक्याला दुखापत होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. पूर्ण वेगात झाडावर आदळल्यावर मात्र हेल्मेट फारसे काही करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

या यादीत ‘दुसऱ्यांना हाकलले’ असा उपाय कुठेच नाही.

मग बंदी चूक का?

मी असे म्हणणार नाही. मॅड रिव्हर ग्लेन तर १९९५ पासून स्कीवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे आहे. सहकार म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगायला नको. तिथल्या सभासदांना आपला जुना डोंगर, एकेकट्या माणसाची खुर्ची असलेली जुनी लिफ्ट आणि स्कीची शांतता जपायची आहे. आल्टात लांबच लांब आडव्या वाटा आहेत. काठ्या नसलेल्या स्नोबोर्डवाल्याला तिथे ढकलत जावे लागते आणि मागे रांग लागते. बर्फाचा पोत कसा राहतो, यावरूनही तक्रारी असतात. ही आवडीची, सोयीची आणि धंद्याची कारणे आहेत. ती तशीच सांगावीत. उद्या कोणी फक्त स्नोबोर्डवाल्यांचा डोंगर काढला आणि तो चालला, तर त्यालाही माझी हरकत नाही.

हरकत आहे ती या निर्णयाला ‘सुरक्षितता’ हे नाव देण्याला. त्याने दोन तोटे होतात. एक, एका गटाला उगाच गुन्हेगार ठरवले जाते. दुसरा तोटा आमच्या धंद्याचा. धोका ‘त्यांच्यामुळे’ आहे असे एकदा मनात बसले, की माणूस स्वतःच्या तयारीकडे पाहत नाही. स्कीवाल्याला वाटते, स्नोबोर्डवाले नाहीत म्हणजे मी सुरक्षित. तो बाइंडिंग तपासून घेत नाही आणि गुडघा गमावतो. स्नोबोर्डवाला बंदीविरुद्ध तावातावाने बोलतो आणि मनगटाचे पट्टे घरी विसरतो. माझ्या भाच्याने विसरले नव्हते. त्याने घेतलेच नव्हते.

साथीच्या रोगांतही आम्ही हेच पाहिले आहे. आजार बाहेरून आलेल्यांनी आणला, अमुक वस्तीतल्यांनी पसरवला, असे बोट दाखवून झाले की लोक निर्धास्त होतात आणि पाणी उकळायचे राहून जाते.

बर्फावर जाणार असाल तर

हल्ली आपल्याकडचीही बरीच मंडळी हिवाळ्यात गुलमर्ग, औली, सोलंग इथे जातात आणि तासाभरासाठी स्की किंवा स्नोबोर्ड भाड्याने घेतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी:

पहिला दिवस सर्वांत जोखमीचा. दोस्ताकडून नव्हे, प्रशिक्षकाकडून शिका. पडायचे कसे, ते आधी शिका. स्नोबोर्डवरून पडताना पंजा उघडून हात टेकू नका. मुठी मिटा, हात छातीजवळ घ्या आणि कोपरापासूनच्या पुढच्या हातावर किंवा कडेवर पडा. मनगटाचे पट्टे भाड्याने मिळतीलच असे नाही, म्हणून इथूनच न्या.

स्की घेत असाल तर बाइंडिंग तुमचे वजन, उंची, वय आणि कौशल्य यांनुसार लावून घ्या. वजन खरे सांगा. तिथे पाच किलो लपवून उपयोग नाही, ते गुडघ्याला भोगावे लागते. मागे पडू लागलात तर उठून सावरण्याची धडपड करू नका, सरळ पडा.

हेल्मेट घाला. डोक्याला मार लागून डोके दुखत असेल, मळमळत असेल, गोंधळल्यासारखे होत असेल, तर त्या दिवसाचा खेळ संपला. बरे वाटले तरी पुन्हा उतारावर जाऊ नका.

घरी आल्यावर अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखत राहिले, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडू नका. तिथल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. तसेच स्नोबोर्डवरून पडल्यावर घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे रेंगाळले, तर डॉक्टरांना स्नोबोर्डचा उल्लेख आवर्जून करा. घोट्यातील टॅलस या हाडाचा कोपरा मोडण्याची दुखापत स्नोबोर्डवाल्यांत विशेष आढळते. ती साध्या एक्स-रेत निसटते आणि लचक समजून सोडून दिली जाते. सीटी स्कॅनमध्ये ती नीट दिसते.

भाच्याचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. पुन्हा कधी जाऊ, असे त्याने विचारले. मी म्हटले, दोन्ही तळहात जमिनीवर टेकून, न दुखता जोर काढता येऊ लागले की जा. आता तो रोज रबरी चेंडू दाबतो आहे. बायकोसोबत, दोघांनाही येऊ देणाऱ्या डोंगरावर जायचे असे ठरले आहे. परवा तिने फोटो पाठवला. मनगटाचे काळे पट्टे, किमतीच्या चिठ्ठीसकट. खाली लिहिले होते, ‘मामा, माझं बाइंडिंगही तपासून घेतलं.’